आग्वाद ते मालवण शिडाच्या होडीनं: मदत नेमकी कधी मागायची?

रायबंदरकर
मित्राबरोबर जुनी बावीस फुटी फायबरची शिडाची होडी घेतलीय, मागे लहान आउटबोर्ड इंजिन. डिसेंबरात आग्वादहून मालवणला न्यायचा बेत आहे, अंतर साधारण चाळीस सागरी मैल. मांडवीत आणि मुरगावपर्यंत भरपूर चालवलीय, त्यापुढे नाही. घरात मात्र वाद पेटलाय. काका म्हणतात, "स्वतःच्या हौसेनं जाता, मग कोस्ट गार्डनं का धावायचं? निस्तरता येत नसेल तर जाऊच नका." मित्र म्हणतो, कोस्ट गार्डचा १५५४ नंबर आहेच, काही झालं की फोन लावू. मला दोन्ही पटत नाही. इंजिन बंद पडलं, डोलकाठी पडली, पाणी शिरलं, यात बोलवायचं कधी? आणि खर्च आपल्याकडून घेतात का?

मालीम_जेटी
नुसतं इंजिन बंद पडलं म्हणून कोस्ट गार्ड नको हो. शिडं कशाला आहेत? आमची इंजिनं बंद पडतात तेव्हा शेजारचा ट्रॉलर दोर टाकतो, डिझेल आणि जेवणाचं बघून घेतो. आजकाल लोक पेट्रोल संपलं तरी फोन लावतात. काकांचं बरोबर आहे.

जुना_सिग्नलवाला
मी नौदलात संदेशवहनात होतो, आता वास्कोला असतो. रेडिओच्या या टोकाला बसलेल्याचं म्हणणं ऐका.

काकांचा विचार नवा नाही. १९६० साली एकट्यानं अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत झाली, ती ब्लाँडी हॅस्लर या इंग्रज माणसाच्या डोक्यातून निघालेली. स्वखुशीनं गेलेल्यानं सुटकेसाठी हाका मारू नयेत, सभ्यपणे बुडावं, असं त्याचं मत. ऐकायला रुबाबदार आहे. पण तुम्ही हाक मारली नाही तरी शोध व्हायचा राहत नाही. रात्री पोचला नाहीत की पहिला फोन काकाच लावतील, आणि तुम्ही कुठे आहात हे कुणालाच ठाऊक नसल्यानं हरमलपासून देवगडपर्यंतचा पट्टा पिंजून काढावा लागेल. दुपारी चारला अक्षांश-रेखांश कळले असते तर एका बोटीत भागलं असतं.

आता आपल्या दिवाडीत बांधलेल्या, नौदलाच्या अभिलाष टॉमींच्या 'थुरिया' या शिडाच्या होडीचं बघा. २०१८ची गोल्डन ग्लोब शर्यत, जीपीएसशिवाय, सूर्य-तारे मोजायच्या सेक्स्टंटवर, एकट्यानं जगप्रदक्षिणा. स्वावलंबनाची याहून कडक परीक्षा नाही. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळानं तिची डोलकाठी मोडली आणि अभिलाष टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. पर्थ सुमारे १,९०० सागरी मैल लांब, आणि त्यांना बंकवरून उठता येईना. त्यांनी मदत मागितली. नौदलाचं पी-८आय विमान त्यांना वरून पाहून आलं, आणि २४ तारखेला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिनचीही काठी गेली होती. तो धडधाकट होता. त्यानं कामचलाऊ काठी उभी केली आणि उलट टॉमींच्याच दिशेनं निघाला. त्याच शर्यतीतला नॉर्वेचा आरे वीग तर काठी मोडल्यावर जोडतोड करून स्वतःच केप टाउनला पोचला.

काठी तिघांचीही गेली. टॉमींना हलता येत नव्हतं म्हणून त्यांचं हाक मारणं रास्त, वीगचे हातपाय आणि होडी शाबूत होती म्हणून त्याचं न मारणं रास्त. यात कुणी जास्त शूर नाही. (टॉमी २०२२ला पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि दुसरे आले.)

आता तुमचं. तुमच्या काकांना आणि मित्राला वाटतं तसं 'गप्प बसा' आणि 'बुडतोय' एवढे दोनच पर्याय नसतात. मधे पॅन-पॅन आहे. व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर, म्हणजे संकटाच्या हाकेच्या चॅनलवर, तीनदा पॅन-पॅन, होडीचं नाव, जागा, माणसं किती, काय झालंय. म्हणजे जीव अजून धोक्यात नाही, पण आमच्यावर लक्ष असू द्या. अडचण सुटली की तसं सांगून संदेश रद्द करायचा. कुणी हसत नाही.

वारा बरा, शिडं चालू आणि इंजिन बंद: मालीमवाल्यांशी सहमत, कुणालाही बोलवू नका. इंजिन बंद, वारा खडकांकडे ढकलतोय आणि नांगर धरत नाही: सरळ मेडे, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक. पाणी शिरतंय पण पंप पुरा पडतोय: पॅन-पॅन. पाणी चढतंय: मेडे, आणि तेही लगेच, कारण तुमची बॅटरी बहुधा तळाशी असेल आणि ती बुडाली की रेडिओ मुका. माणूस पाण्यात पडला आणि दिसेना: विचारच करू नका.

हाक मारली म्हणजे होडी सोडायची असंही नाही. १९७९च्या फास्टनेट शर्यतीत वादळात चोवीस होड्या लोकांनी सोडल्या, त्यातल्या एकोणीस नंतर तरंगताना सापडल्या. होडी सोडून रबरी तराफ्यात (राफ्टमध्ये) उतरलेल्यांपैकी काही मात्र परत आले नाहीत.

खर्चाचं: जीव वाचवल्याचे पैसे वाचलेल्याकडून घेत नाहीत, हा समुद्रावरचा जुना रिवाज. होडी ओढून आणणं हा वेगळा व्यवहार.

मालीम_जेटी
पॅन-पॅनचं मान्य. पण बाब, आमच्या अर्ध्या पोरांचे रेडिओ गाण्यांवर आणि गप्पांवर असतात, १६ वर नाही. जवळ ट्रॉलर दिसला तर हात हलवा, नारिंगी धूर सोडा.

रायबंदरकर
दोघांचेही आभार. पाच वॉटचा हातातला व्हीएचएफ पुरेल का? मोबाइल आहेच.

जुना_सिग्नलवाला
हातातला दुसरा म्हणून ठेवा, अंगाला बांधून. मुख्य म्हणून पंचवीस वॉटचा, अँटेना काठीच्या टोकाला. व्हीएचएफ नजरेच्या रेषेत चालतो, त्यामुळे वॉटपेक्षा उंचीच जास्त कामाची. आणि काठी पडली की ती अँटेनाही पडते, म्हणून हातातला हवाच. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून लांब टिकत नाही. ऐपत असेल तर ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब, म्हणजे संकटात आपली जागा कळवणारं यंत्र, घ्या. त्याची हाक उपग्रहावरून बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात जाते. नोंदणी मात्र नीट करा, कारण खरी हाक की चुकून दाबला हे विचारायला आधी नोंदवलेल्या नंबरवर फोन येतो.

मालीम_जेटी
आणि पहाटे निघा, जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर. दुपारनंतर वायव्येचा वारा नाकावर येईल, मग तिरपं-तिरपं जावं लागून चाळीस मैलांचे पन्नास होतात. उशीर होतोय वाटलं तर वेंगुर्ल्यात मुक्काम करा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडक फार आहेत, मालवणात अंधारात शिरायचं नाही.