सगळे चेक हिरवे होते तरी टोकन झोपलं, घ्यायच्या आधी नक्की बघायचं काय?

सातपूरकर_९
मंडळी जरा मदत करा. मागच्या आठवड्यात सोलाना ब्लॉकचेनवरचं एक मीम टोकन (गंमत म्हणून काढलेलं क्रिप्टो नाणं) घेतलं, टेलिग्राम ग्रुपवर ॲडमिनने टाकलेलं. आंधळेपणाने नाही घेतलं हां, मिंट ऑथॉरिटी बंद (नवीन टोकन छापता येत नाहीत), फ्रीझ बंद (कोणाचं टोकन गोठवता येत नाही), एलपी बर्न (खरेदी-विक्रीच्या पूलमधला पैसा काढता येत नाही), टॉप १० होल्डर मिळून १७ टक्के, सगळं हिरवंगार. पाऊण तासात तिप्पट झालं, मी चहा टाकायला उठलो आणि येऊन बघतो तर ९० टक्के खाली. एखाद्या व्हेलने (मोठा साठा असलेल्याने) विकलं असतं तर समजलो असतो, पण इथे तीस-चाळीस वॉलेटनी थोडं थोडं विकलंय. एवढे लोक एकदम कसे घाबरले? १२ हजार गेले, घरी अजून सांगितलेलं नाही.

साखळीवाचक
घाबरलं कोणी नाही रे, तो एकच माणूस होता.

तू जे बघितलंस ते टोकनचे सेटिंग झाले. पंपडॉटफनवर (अशी टोकनं बनवायची साइट) जे काही बनतं त्याचा सप्लाय बहुतेक वेळा १०० कोटी असतो, नंतर मिंट करता येत नाही, कर्व्ह (सुरुवातीच्या विक्रीचा टप्पा) पूर्ण झाली की एलपी पण आपोआप बर्न होते, म्हणजे चोराचंही हिरवं आणि सावाचंही हिरवं. लिक्विडिटी काढून पळायची गरजच उरली नाही ना, लाँच करतानाच त्याच ब्लॉकमध्ये बंडल करून (बरेच व्यवहार एकत्र बांधून) पंचवीस-तीस वॉलेटमधून माल उचलायचा, प्रत्येकात दीड-दोन टक्के, आणि यादीत तुला गर्दी दिसते.

म्हणून टॉप १० ची बेरीज सोड. होल्डरची यादी उघड, पूलचा पत्ता वगळ, पहिले तीस घे आणि सोलस्कॅनवर (सोलानाचे व्यवहार दाखवणारी साइट) एकेकाचा अगदी पहिला व्यवहार बघ, वॉलेटमध्ये पहिला सोल (सोलानाचं नाणं) आला कुठून. वॉलेटचं वय तीन तास, सगळ्यांना एकाच पत्त्यावरून दोन-सव्वादोन सोल, मिनिटा-मिनिटाच्या अंतराने, आणि सगळ्यांची पहिली खरेदी एकाच स्लॉटमध्ये (एका ब्लॉकच्या वेळेत) असेल तर तिथून उठायचं. काही जण साखळी करतात, अ ने ब ला, ब ने क ला, तेव्हा दोन-तीन पायऱ्या मागे जावं लागतं. बबलमॅप्सवर (वॉलेटांमधले संबंध नकाशात दाखवणारी साइट) हे झुपक्यांसारखं दिसतं, हाताने करायला वीस मिनिटं लागतात. तेवढा धीर नसेल तर घेऊच नको.

मिरजेचा_मामा
वरच्या भाऊंचं बरोबर आहे पण एक खोड आहे. पैसे मोठ्या एक्सचेंजच्या हॉट वॉलेटमधून (सगळ्या ग्राहकांना पैसे पाठवायचं सामायिक वॉलेट) आले असतील तर शंभर अनोळखी लोकांचं मूळ पण एकच दिसतं, आणि पहिल्या ब्लॉकमध्ये खरेदी करणारे बरेच तर स्नायपर बॉट (नवीन टोकन दिसताच आपोआप घेणारे प्रोग्राम) असतात, त्यांचा डेव्हशी (टोकन बनवणाऱ्याशी) काही संबंध नसतो. मी याच नादात दोन बरी टोकनं सोडलीत. उलटपण होतं, हुशार टोळी मुद्दाम एक्सचेंजमधून वॉलेटं भरते म्हणजे नकाशात एकही रेघ दिसत नाही. म्हणून नुसतं मूळ नको बघू, रक्कम आणि वेळ बघ. आणि ती वॉलेटं आधी कधी काही विकत घेत होती का ते पण. माणसाच्या वॉलेटमध्ये जुना कचरा असतोच, याच्यात फक्त हेच एक टोकन कसं?

कोथरूड_कट्टा
थोडं वेगळं. ईथरियम किंवा बीएनबी चेनवर असाल तर विकता येतंय का ते आधी बघा. २०२१ मधलं स्क्विड टोकन आठवतंय का, भाव २८०० डॉलरच्या वर दिसत होता पण लोकांना विकताच येत नव्हतं, १ नोव्हेंबरला शून्य. थोडं घेऊन लगेच विकून बघायचं, पण ओनरकडे टॅक्स (विक्रीवरची कपात) बदलायची किंवा ब्लॅकलिस्टची (ठरावीक वॉलेटांना विकू न द्यायची) सोय असेल तर तुमची टेस्ट पास होते आणि मग तो दार लावतो. सोलानावर पण टोकन-२०२२ (टोकनचा नवा साचा) वालं असेल तर परमनंट डेलिगेट आहे का बघा, तो असला तर तुमच्या वॉलेटमधला माल तो परस्पर हलवू शकतो.

आणि मोठं नाव बघून जाऊ नका. १४ फेब्रुवारी २०२५ ला अर्जेंटिनाच्या अध्यक्षांनी लिब्रा नावाच्या टोकनची पोस्ट टाकली, मार्केट कॅप (सगळ्या टोकनची मिळून किंमत) ४ अब्ज डॉलरच्या वर गेलं आणि काही तासांत ९० टक्क्यांहून जास्त पडलं, आतल्यांच्या वॉलेटांनी तोपर्यंत माल काढला होता. अध्यक्षांनी पोस्ट डिलीट केली, आपण काय डिलीट करणार?

बाकी सातपूरकर, हा तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा होत नाही, नफ्यावर मात्र सरळ ३० टक्के कर. १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार करून ठेव, ग्रुपचे स्क्रीनशॉट जपून ठेव.

सातपूरकर_९
काल रात्री बसलो सोलस्कॅन घेऊन. पहिल्या तिसातली बावीस वॉलेटं एकाच पत्त्यावरून भरलेली, सगळी अकरा मिनिटांच्या आत. बाकीची आठ सुटी वाटतात, त्यातलं एक मीच. तो भरणारा पत्ता आणखी मागे गेलो तर त्याने याआधी अजून तीन टोकनच्या वॉलेटांना पैसे दिलेत, आणि ती तिन्ही त्याच ग्रुपवर आलेली, मी तेव्हा घेतली नव्हती म्हणून वाचलो.

आज सकाळी ॲडमिनने नवीन टाकलं, "फक्त १० मिनिटं, लवकर". मी तिथेच पत्ता पेस्ट करून विचारलं की हे वॉलेट कोणाचं. दोन मिनिटांत ग्रुपमधून काढलं मला.

साखळीवाचक
तो पत्ता इथे पण टाक की.