सुट्टीतलं घरचं जेवण, कमी खर्चात आणि कमी धावपळीत: तुमचे अनुभव लिहा

निवांत (धागाकर्ती)

सुट्टीत दहा-पंधरा माणसं घरी जेवायला येणार म्हटलं की आनंद होतो आणि पोटात गोळाही येतो. बाहेरून मागवलं तर खिशाला चाट. घरी केलं तर घरची बाई (हो, बहुतेक घरांत बाईच) सगळ्यांच्या गप्पा ओट्यापाशी उभी राहून ऐकणार. तुम्ही हे कसं निभावता ते लिहा. पाककृती नकोत, त्या ढिगाने मिळतात. बेत कसा आखता, पैसे कुठे वाचवता, कामं कोणाच्या गळ्यात घालता, तेवढं हवंय.

सुरुवात मी करते. बेत ठरवताना मी आधी शेगडीकडे बघते. माझ्याकडे दोनच बर्नर आहेत. पाहुणे टेकण्याआधीच्या तासाभरात त्या दोन बर्नरवर काय काय चढणार, ते कागदावर लिहायचं. एकाच वेळी तीन पातेली लागायला लागली की त्यातला एक पदार्थ बेतातून गेला, मग तो कितीही लाडका असो. त्याच्या जागी थंड खायचं किंवा आदल्या दिवशी करून ठेवता येईल असं काही. ऐनवेळी करायचा पदार्थ एकच, एखादा नुसता गरम करायचा, बाकी सगळं तयार.

कागद लिहायचा तो शेवटाकडून. जेवायची वेळ एक, तर साडेबाराला काय, बाराला काय, आदल्या रात्री काय. आणि तो फ्रिजच्या दारावर लावायचा. "काही मदत करू का?" असं दारातून विचारून निघून जाणारी माणसं प्रत्येक घरात असतात. त्यांना कागदाकडे बोट दाखवता येतं. माझा भाऊ असाच गाजरं किसायला बसला आणि तिथेच रमला.

खर्चाची वही

पैशांचं मी लिहितो, कारण आमच्याकडे वाणसामान आणायचं खातं माझं.

खर्च माणसांपेक्षा पदार्थांच्या संख्येवर जास्त चढतो, हे पावत्या समोर ठेवून बसलात की दिसतं. सात पदार्थ म्हणजे सात वेगळ्या याद्या, प्रत्येकीत एखादी बाटली किंवा पाकीट असं की जे चमचाभर वापरून पुढे वर्षभर कपाटात राहणार. शिवाय प्रत्येक पदार्थ 'कमी पडायला नको' म्हणून थोडा जास्तच होतो आणि सातांचंही थोडं थोडं उरतं. आम्ही आता दोन मोठे पदार्थ भरपूर करतो, सोबत एक कच्च्या भाज्यांचं काहीतरी आणि एक गोड.

मोठा पदार्थ धान्य, कडधान्य, बटाटा आणि त्या मोसमात ज्या भाजीचा ढीग लागलेला असेल ती, यांच्यावर उभा करायचा. मांसाहारी घर असेल तर मांस रश्श्यात किंवा भातात घाला. अख्खे तुकडे वाढायचे म्हटले की माणशी हिशेब लागतो आणि तिथेच खर्च वर जातो. अंदाजासाठी: मुख्य पदार्थ भात असेल तर कोरडा तांदूळ माणशी 75 ग्रॅमच्या आसपास धरतो, शिजून तो वजनाने साधारण तिप्पट होतो. कोरडं कडधान्य भिजून-शिजून दुपटीच्या पुढे जातं, त्यामुळे माणशी 50 ग्रॅम पुष्कळ होतं. लहान मुलं अर्धी धरायची. वाढत्या वयाची मुलं दीडपट धरा, नंतर म्हणू नका सांगितलं नाही.

एक महागडी चीज मात्र ठेवावी. एकच. बाकी साधं असलं तरी लोक तीच लक्षात ठेवतात.

आणि एक थोडी बेरकी युक्ती. वाढून घ्यायचं टेबल असेल तर भात, ब्रेड, भाज्या सुरुवातीला मांडायच्या आणि महागडा पदार्थ शेवटी, लहान डावासकट. तिथे पोचेपर्यंत ताट भरलेलं असतं.

आळशी सुगरण

वरच्या लहान डावाबद्दल तुम्हाला कोपरापासून नमस्कार!

आमच्याकडे सगळे काही ना काही घेऊन येतात. पण "काहीही आण गं" म्हणायचं नाही, नाहीतर तीन गोडाचे डबे येतात आणि भात कोणीच आणत नाही. मी वाटप स्वभाव बघून करते. वेळेवर येणाऱ्या नणंदेकडे सुरुवातीचं चटपटीत. हमखास उशिरा येणाऱ्या दिराकडे गोड, तो दोन तास उशिरा आला तरी कोणाचं अडत नाही. स्वयंपाकाचा गंध नसलेल्यांना बर्फ, सरबत, कागदी रुमाल. अट इतकीच की आणलेलं थेट टेबलावर ठेवता आलं पाहिजे, आणि वाढायचा चमचा आपापला. "फक्त पाच मिनिटं गरम करायचंय" म्हणणारी चार माणसं एकदम आली की शेगडीपाशी रांग लागते.

सासूबाईंना आधी हे अजिबात रुचलं नव्हतं. "पाहुण्यांनी का डबे आणायचे? लोक काय म्हणतील?" हल्ली महिनाभर आधी त्याच फोन करून ज्याला त्याला पदार्थ नेमून देतात, आणि मलाही देतात.

केटरिंगवाला

मोठ्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं काम केलंय, म्हणून थोडं रटाळ पण कामाचं लिहितो.

प्रमाण चौपट करताना सगळंच चौपट करू नका. मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी जाते, म्हणून पाणी थोडं हात राखून. मीठ-तिखट तीनपट घालून चाखा, मग वाढवा. रुंद भांडं घेतलंत तर वेळ वाचतो; उंच पातेल्यात तळ लागतो आणि वरचा भाग कच्चा राहतो. प्रेशर कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, आणि डाळ, कडधान्य, तांदूळ यांसाठी निम्माच. ते फुगतात, फेस धरतात आणि वाफेची वाट बंद करतात. पाहुणे जास्त म्हणून कुकर गच्च भरू नका, दोनदा लावा.

राजमा करणार असाल तर रात्रभर भिजवा, ते पाणी टाका आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन पोट चांगलंच बिघडवतं, आणि मंद आचेच्या विजेच्या भांड्यात ते निकामी होण्याइतकी उष्णता कधीकधी येतच नाही. आधी उकळी, मग मंद आच.

गोठवलेली अख्खी कोंबडी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटी होऊ द्या. दर दोन-सव्वादोन किलोला साधारण 24 तास लागतात, म्हणजे मोठी असेल तर दोन दिवस आधी बाहेर काढायला हवी. ओट्यावर ठेवून घाई करू नये, बाहेरचा भाग कोमट होतो आणि आत बर्फच असतो.

आदल्या दिवशी करून ठेवणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थंड करणं. जंतू 5 ते 60 अंश सेल्सियसमध्ये भराभर वाढतात. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, कडक उन्हाळ्यात तासभरच. भाताकडे विशेष लक्ष द्या. त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात बाहेर कोमट पडून राहिला की ते विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून माझा सल्ला, भात त्याच दिवशीचा करा. रस्सा, सूप, भाजलेल्या भाज्या आदल्या दिवशी खुशाल करा.

निवांत

@केटरिंगवाला, पण रश्श्याचं मोठं पातेलं गरमच फ्रिजमध्ये ठेवायचं का? आई म्हणते फ्रिज बिघडतो.

केटरिंगवाला

अख्खं पातेलं नको. त्याने आजूबाजूचं दूधही कोमट होईल, आणि मधला रस्सा मध्यरात्रीपर्यंत गरमच राहील. पसरट डब्यांत दोन-अडीच इंच जाडीने ओता, डबे गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा, वाफ गेली की आत. दुसऱ्या दिवशी गरम करताना मधोमध बुडबुडे येईपर्यंत थांबा.

भाच्याची आत्या

आमच्याकडे एका भाच्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, एकाला दूध चालत नाही, दोघी मांस खात नाहीत. पूर्वी प्रत्येकासाठी वेगळं केलं जायचं आणि करणारी थकून जायची. आता मूळ पदार्थ असा करतो की जो सगळ्यांना चालतो. दाणे, चीज, दही, अंडी, चिकन वेगळ्या वाट्यांत, प्रत्येकीत आपला चमचा, आणि दाण्यांची वाटी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. आमंत्रण देतानाच विचारून घेते, "काय चालत नाही?" तेलाच्या पिशव्या, सॉसच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे यांचे मागचे कागद टाकत नाही. भाचा आला की आधी ते सगळे हातात घेऊन बारीक अक्षरात नाक खुपसून वाचतो, एकेक बाजूला ठेवतो आणि "आत्या, हे पास" म्हणतो. त्यानंतर त्याची आईसुद्धा निवांत बसते.

छोटं घर

आमच्या घरात डायनिंग टेबल मावत नाही. मित्रांना मी जेवणाच्या वेळी बोलावणं सोडलं. दुपारी चारला बोलावतो. त्या वेळेला कोणी पूर्ण जेवणाची अपेक्षा ठेवत नाही, मोठं पातेलंभर सूप, ब्रेड, फळं आणि चहा एवढ्यावर मैफल होते. एका वाडग्यात, एका चमच्याने, मांडीवर धरून खाता येईल तेवढंच करायचं. "चार ते सात" असं निरोपातच लिहितो, त्यामुळे रात्रीच्या जेवणाचा विषयच निघत नाही.

कपात बुडालेलं बिस्कीट

सगळ्यांचं वाचून दम लागला. शेवटाकडून कागद, ग्रॅममध्ये हिशेब, अंश सेल्सियस! आम्ही ब्रेड आणि गोड सरळ विकत आणतो. घरी केक करायचा तर सामान, वेळ आणि गॅस धरून कितीसे वाचतात? मुख्य एक पदार्थ घरचा असला की पुरे.

खर्चाची वही

गोडाचं मान्य. ब्रेडचंही. कापलेल्या भाज्यांचे पुडे मात्र आणू नका, तिथे नुसत्या सुरीचे पैसे जातात.

भांडी माझ्याकडे

मी स्वयंपाक करत नाही, भांडी घासतो. पाहुणे यायच्या आधी सिंक रिकामं हवं आणि ओला-सुका कचऱ्याच्या नव्या पिशव्या लावलेल्या हव्यात. जेवण चालू असताना एका टबात साबणाचं गरम पाणी ठेवतो, चमचे-वाट्या थेट त्यात. निमंत्रणातच "येताना एक रिकामा डबा आणा" म्हणतो. उरलेलं तिथल्या तिथे वाटलं जातं, आमच्या फ्रिजमध्ये राहतं ते तीन-चार दिवसांत संपवायचं, नाहीतर गोठवायचं.

निवांत

डब्याची कल्पना यंदा नक्की. आता एक अडचण: मावशी दरवेळी न विचारता एक भलं मोठं पातेलं घेऊन येते, आणि ते गरम करावंच लागतं. तिला कसं सांगू?

आळशी सुगरण

सांगू नकोस. आधीच फोन करून म्हण, "मावशी, तुझ्या हातचं ते आणशील ना?" आणि बेतातून तेवढा एक पदार्थ काढून टाक. बर्नर एक मोकळा ठेव.