शब्दचर्चा : 'रिडंडन्सी' आणि 'लोड बॅलन्सिंग'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा, विश्रामबाग, सांगली
पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात दोन फायरवॉल गेटवेंचा (आतलं नेटवर्क इंटरनेटला जोडणारी आणि येणारी-जाणारी माहिती तपासणारी यंत्रं) क्लस्टर, म्हणजे मिळून काम करणारा संच, बसवायचा आहे. प्रस्ताव संचालक मंडळापुढे मराठीत मांडायचाय. 'रिडंडन्सी'ला कोशात 'अतिरिक्तता', 'अनावश्यकता' असले अर्थ मिळतात. अनावश्यक वस्तूला मंडळ पैसे कसे मंजूर करील? आणि 'लोड बॅलन्सिंग'ला 'भारसंतुलन' चालेल का?

प्रतिसाद, मिरज
सरळ 'राखीव गेटवे' लिहा. एक काम करतो, दुसरा तयारीत उभा असतो. व्हीआरआरपीत (एका यंत्राची जागा दुसऱ्यानं घेण्याची नेटवर्कमधली ठरलेली पद्धत) चालू यंत्र सहसा दर सेकंदाला 'मी आहे' असा निरोप पाठवतं; सलग तीन निरोप चुकले की थोड्याच वेळात राखीव यंत्र तोच आभासी आयपी पत्ता (दोघांसाठी मिळून ठेवलेला नेटवर्कमधला पत्ता) घेऊन पुढं येतं. बाकीच्या संगणकांत काही बदलावं लागत नाही.

प्रतिसाद, कराड
मिरजकरांचं बरोबर आहे, पण ते एकच यंत्र चालू असताना. दोन्ही गेटवे एकदम कामाला लावले तर राखीव कोणता? तिथं 'राखीव क्षमता' म्हणा. मंडळाला हिशोबच दाखवा : दोघांवर प्रत्येकी ७० टक्के भार असेल आणि एक बंद पडला, तर उरलेल्यावर १४० टक्के येतो, म्हणजे तोही कोलमडणार. दोन यंत्रं असतील तर प्रत्येकाचा भार ५० टक्क्यांच्या आत हवा, तीन असतील तर साधारण ६६च्या. तेही महिनाअखेरच्या गर्दीतला भार मोजून. सरासरी धरू नका. यंत्रं दोन आहेत म्हणून राखीव आहे, असं होत नाही.

'भारसंतुलन' मला पटत नाही. क्लस्टर जोडण्या वाटून देतो, पण एखादी मोठी बॅकअप फाइल एकाच गेटवेवरून गेली तर तराजू कललेलाच राहतो. 'भारवाटप' म्हणा. 'भारनियमन' मात्र चुकूनही लिहू नका, लोकांना वीज गेल्यासारखं वाटेल.

विचारणा, विश्रामबाग
'भारवाटप' घेतला. दोघांमधल्या सिंकच्या केबलचं काय लिहू?

प्रतिसाद, कराड
'नोंदजुळणी' लिहा. कोणत्या शाखेची कोणती जोडणी चालू आहे, याची नोंद दोन्हीकडं असेल तरच ताबा बदलताना काउंटरवरचा व्यवहार मध्येच तुटत नाही. ही केबल वेगळी आणि शक्यतो दुहेरी ठेवा. दोघांमधला संपर्क पूर्ण तुटला तर दोघंही दुसऱ्याला मेलेला समजतात आणि एकच पत्ता दोघं धरून बसतात. या 'स्प्लिट ब्रेन'ला मी 'दुहेरी ताबा' म्हणतो.

प्रतिसाद, गावभाग, सांगली
'कच्चा दुवा', म्हणजे जो एक तुटला की सगळंच बंद पडतं, हाही शब्द प्रस्तावात घालाच. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ला पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं आणि बाजारपेठ बुडाली. दोन्ही गेटवे तळमजल्यावर एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर आणि दोन्ही फायबर एकाच चरातून आले असतील, तर राखीव क्षमता कागदावरच राहील. यंत्रं वरच्या मजल्यावर न्या, वीज दोन ठिकाणांहून घ्या, दुसरी लाइन वेगळ्या रस्त्यानं आणा.

विचारणा, विश्रामबाग
हे तर मूळ प्रस्तावातच नव्हतं, घालतो. 'फेलओव्हर'चं, म्हणजे एक बंद पडल्यावर दुसऱ्यानं काम हाती घेण्याचं, काय?

प्रतिसाद, मिरज
'ताबाबदल'. आणि स्वीकृतीची अट म्हणून लिहून घ्या : कामकाज चालू असताना चालू गेटवेची वीज काढायची, आणि काउंटरवरची एंट्री तुटता कामा नये. पुरवठादारानं हे मंडळासमोर करून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही.