मदत हवी आहे : ‘द इनर लाइट’ या भागाच्या उणिवा न्याय्य रीतीने कशा मांडाव्यात?

नमस्कार.

आमच्या आठ-दहा जणांच्या गटात दर महिन्याला एखाद्या विज्ञानकथा मालिकेचा एकच भाग पाहून त्याच्या जमेच्या आणि पडत्या बाजूंवर चर्चा होते. या वेळी ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’च्या पाचव्या पर्वातील, १ जून १९९२ रोजी प्रथम प्रक्षेपित झालेला ‘द इनर लाइट’ हा भाग ठरला असून विषय मांडण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. हा भाग मला फार आवडत असल्यामुळे जमेची बाजू सहज लिहून झाली; उणिवा लिहायला बसलो की मात्र उगाच खुसपट काढत असल्यासारखे वाटते.

ज्यांनी भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी (शेवट उघड होईल, याची कल्पना असावी) : एका अनोळखी शोधयानातून आलेल्या किरणामुळे कप्तान पिकार्ड सुमारे पंचवीस मिनिटे बेशुद्ध पडतो आणि तेवढ्या अवधीत कटान नावाच्या ग्रहावरील रेसिक या गावात ‘कामिन’ म्हणून जवळजवळ चाळीस वर्षांचे आयुष्य जगतो. तो ग्रह हजार वर्षांपूर्वीच नष्ट झालेला असतो आणि कोणीतरी आपली आठवण ठेवावी, यासाठीच तेथील लोकांनी ते यान सोडलेले असते.

या भागाची ताकद मला लहानसहान तपशिलांत दिसते. कामिनची पत्नी एलीन त्याला पायातले जोडे जागेवर ठेवण्यावरून वर्षानुवर्षे टोकत राहते, आणि मरणाच्या दारात असतानाही त्याला तेच बजावते. संसार किती मुरला आहे हे सांगायला दिग्दर्शक पीटर लॉरिट्सन यांना त्याहून अधिक काही दाखवावे लागत नाही. शेवटी त्या शोधयानात सापडलेली बासरी (उभी धरून वाजवायची असल्याने खरे तर आपला पावाच) पिकार्ड छातीशी धरतो, तेथे संवादाची गरजच उरत नाही. विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार १९९३ साली या भागाला मिळाला, याचे नवल वाटत नाही.

आता माझ्या शंका. पहिली म्हणजे, कटानचा सूर्य ‘नोव्हा’ झाला, म्हणजे एकाएकी भडकला, असे भागात सांगितले आहे. परंतु माझ्या समजुतीप्रमाणे नोव्हासाठी श्वेतबटू (इंधन संपून आकसलेला तारा) आणि त्याचा जोडीदार तारा लागतो. ही उणीव धरावी का? दुसरी, एंटरप्राइझ या पिकार्डच्या यानावरची दृश्ये मला भरणा वाटतात. रेसिकमध्ये मन रमले की कथा आपल्याला ओढून यानावर आणते. तिसरी शंका सर्वांत त्रासदायक आहे. एका अनोळखी माणसाच्या मनात त्याला न विचारता अख्खे आयुष्य कोंबणे हा अत्याचार नव्हे काय? भागात कोणीही हा प्रश्न विचारत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

नोव्हाबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. जोडीदाराकडून ओढून घेतलेला हायड्रोजन श्वेतबटूच्या पृष्ठभागावर साचून पेटतो, तेव्हा नोव्हा होतो. एकट्या ताऱ्याचा अतिनवतारा (सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा महास्फोट) व्हायचा तर त्याचे वस्तुमान सूर्याच्या साधारण आठपट तरी हवे, आणि अशा ताऱ्याचे आयुष्य काही कोटी वर्षांचेच असते. तेवढ्या काळात एखादी संस्कृती उभी राहणे कठीण. तरीही यावर दोन वाक्यांपेक्षा अधिक वेळ घालवू नये, कारण कथेला हवा आहे तो टळू न शकणारा अंत, आणि तो कोणत्या नावाने आला याने एलीनच्या वागण्यात फरक पडत नाही.

यानावरच्या दृश्यांबद्दल मात्र मी असहमत आहे. मुलाच्या नामकरणाच्या समारंभात कामिन अचानक कोसळतो तो प्रसंग पुन्हा पाहा : त्याच वेळी यानावर त्याला वाचवण्यासाठी किरण तोडण्याचा प्रयत्न चाललेला असतो. वाचवू पाहणारेच त्याला मारू लागतात, हा ताण दोन्ही बाजू दिसल्याशिवाय निर्माण झाला नसता.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. नामकरणाचा प्रसंग आजच पुन्हा पाहिला; भरण्याचा मुद्दा मी मागे घेतो आणि नोव्हा दोन वाक्यांत उरकतो. संमतीचा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे. पाच वर्षे उलटल्यावरही कामिन आकाशाचे नकाशे काढत आपले यान शोधत असतो, म्हणजे त्याची घुसमट लेखकांना दिसलेली होती; नंतर ती हळूहळू सुखात विरून जाते आणि शुद्धीवर आल्यावर त्याला संताप येतच नाही. माझ्या मते हीच या भागाची मोठी उणीव आहे. याच्या विरुद्ध बाजूने कोणी युक्तिवाद करू शकत असेल, तर तो शनिवारच्या आमच्या चर्चेपूर्वी वाचायला मला आवडेल.