डिफेनेस्ट्रेशन आणि बांगड्याचे काटे

शिरोडकर काकू १०१: काल रात्री परत बांगड्याचे काटे माझ्या तुळशीत. वरून कोण टाकतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी नाव घेत नाही.

कामत सेक्रेटरी: काकू, नोटीस लावलीय परवाच. खिडकीतून काहीही टाकू नये.

देसाई सर ३०२: याला इंग्रजीत डिफेनेस्ट्रेशन म्हणतात. लॅटिन 'फेनेस्त्रा' म्हणजे खिडकी.

बोरकर २०३: टाकी कधी साफ होणार?

गावडे २०१: सर, आपलं जनेल मग कुठलं?

देसाई सर ३०२: पोर्तुगीज 'जानेला'. त्याचं मूळ लॅटिन 'जानुआ', म्हणजे दार. फेनेस्त्राचं जर्मनमध्ये 'फेन्स्टर' झालं.

शिरोडकर काकू १०१: सर, माझ्या तुळशीत काटे पडलेत, लॅटिन नाही.

देसाई सर ३०२: खरं तर हा शब्द माणूस फेकण्यासाठीच जास्त वापरतात. २३ मे १६१८, प्राग. प्रोटेस्टंट सरदारांनी बादशहाच्या दोन कारभाऱ्यांना किल्ल्याच्या खिडकीतून फेकलं, मागोमाग त्यांच्या सेक्रेटरीलाही. त्यातूनच पुढे तीस वर्षांचं युद्ध पेटलं.

गावडे २०१: सेक्रेटरीलाही!! 😂 कामत बाब, सांभाळून.

कामत सेक्रेटरी: फुकट राबतो त्याची ही चेष्टा. चालू द्या.

बोरकर २०३: टाकी कधी साफ होणार?

देसाई सर ३०२: रागावू नका कामत बाब, तिघेही वाचले. सुमारे ७० फुटांवरून पडून! कॅथलिक म्हणाले मेरीमातेनं झेललं, विरोधक म्हणाले शेणाच्या ढिगावर पडले. सेक्रेटरीला तर पुढे 'होहेनफॉल' किताब मिळाला. अर्थ, उंचावरून पडणं.

शिरोडकर काकू १०१: म्हणजे तिथंही खिडकीखाली घाण होतीच.

देसाई सर ३०२: लिस्बनचा मात्र वाचला नाही. १ डिसेंबर १६४०, स्पेनच्या राजाविरुद्धचा उठाव. मिगेल द वास्कोन्सेलुसला गोळी घालून राजवाड्याच्या खिडकीतून खाली टाकला. तोही सेक्रेटरीच, राज्याचा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचंच राज्य होतं.

गावडे २०१: 🙏🙏 कामत बाब तळमजल्यावर राहतात ते बरं.

कामत सेक्रेटरी: रविवारी मीटिंगला या आणि दुसरा सेक्रेटरी शोधा. टाकीचं त्यालाच विचारा.

बोरकर २०३: म्हणजे रविवारपर्यंत नाही?

नाईक ३०१: उगाच संशय नको. काल सोमवार होता, आमच्याकडे सोमवारी शिवराक असतं, मासे नाहीत. काटे रविवारचे असणार.

शिरोडकर काकू १०१: नाईक, मी तुमचं नाव घेतलंच नव्हतं.

नाईक ३०१: हा मेसेज डिलीट केला आहे

शिरोडकर काकू १०१: वाचला आम्ही.