‘११/२२/६३’ : केलेले पुसून टाकणारा शेवट पळपुटा आहे काय?

गिरणाकाठ, चाळीसगाव

स्टीफन किंग यांच्या ‘११/२२/६३’ या कादंबरीवर जळगावच्या ‘हिशेबी वाचक’ यांनी परवा जे लिहिले, ते मला इतके खटकले की दोन ओळींत उत्तर देणे जमणार नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : एक शिक्षक अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून टाळण्यासाठी भूतकाळात जातो, ही कल्पना तीनशे पानांची असून लेखकाने ती साडेआठशे पानांपर्यंत ताणली आहे, मधली चारशे पाने शाळेतली नाटके आणि ग्रंथपाल सेडीशी जमलेले प्रेम यांत वाया गेली आहेत, आणि शेवटी नायक केलेले सगळे पुसून टाकतो, हा पळपुटेपणा आहे.

भाऊ, आधी हिशेबाचेच बोलू. नायकाला भूतकाळात नेणारा, एका खानावळीच्या कोठारातला रस्ता फक्त ९ सप्टेंबर १९५८ या एकाच दिवशी उघडतो, आणि खून झाला २२ नोव्हेंबर १९६३ रोजी. मधली पाच वर्षे नायकाने कोठे काढायची? केनेडींचा मारेकरी ओस्वाल्ड जून १९६२ पर्यंत रशियातून परतलेलाच नाही. शिवाय तो एकटाच मारेकरी होता की त्याच्यामागे आणखी कोणी होते, याची खात्री केल्याखेरीज एका माणसाचा जीव घेता येत नाही, म्हणून एप्रिल १९६३ मध्ये जनरल वॉकर या माजी सेनाधिकाऱ्यावर ओस्वाल्डने केल्याचे मानले जाणाऱ्या गोळीबारापर्यंत थांबणे भाग आहे. पाच वर्षे थांबलेला माणूस भाड्याच्या खोलीत भिंतीकडे पाहत बसत नाही. तो नोकरी धरतो, शेजाऱ्यांत मिसळतो, मुलांची नाटके बसवतो आणि त्याचा जीव कोणावर तरी जडतो. तुम्ही ज्याला पाल्हाळ म्हणता, तो त्या माणसाचा संसार आहे.

दुसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची आहे. ही कादंबरी केनेडींपासून सुरू होत नाही. ती प्रौढांच्या वर्गातल्या एका निबंधापासून सुरू होते. शाळेत झाडलोट करणारा हॅरी आपल्या बापाने हातोड्याने घर कसे संपवले ते मोडक्यातोडक्या भाषेत लिहितो, आणि तो निबंध तपासताना शिक्षकाला रडू कोसळते. मी स्वतः नऊ वर्षे संध्याकाळी दहावीला बाहेरून बसणाऱ्यांचा वर्ग घेतला आहे. बंद पडलेल्या गिरणीतला एक कामगार त्यात होता. ‘अविस्मरणीय दिवस’ या विषयावर त्याने अकरा ओळी लिहिल्या होत्या. १९७२ च्या दुष्काळात त्याची थोरली बहीण तळाशी गेलेले पाणी वाटीने भरायला विहिरीत उतरली आणि पायरी निसटून पडली. शेवटची ओळ अशी होती : ‘त्या दिवसी मी साळेत गेलो नसतो तर मी उतरलो असतो.’ ‘विहीर’ हा शब्द चार वेळा आला होता आणि चारही वेळा चुकला होता. माझ्या हातात लाल पेन होते, आणि मी एकाही शब्दाखाली रेघ मारू शकलो नाही. नायक राष्ट्राध्यक्षाला सोडून आधी एका झाडूवाल्याचे घर वाचवायला का धावतो, हा प्रश्न मला त्यामुळे कधीच पडला नाही.

हिशेबी वाचक, जळगाव

आपला अनुभव मन हलवणारा आहे, पण तो कादंबरीचा गुण ठरत नाही. निबंधाचे प्रकरण उत्तम आहे हे मीही लिहिले होते. तुम्ही ते वाक्य गाळले. हॅरीला वाचवून नायक परत येतो, तर हॅरी व्हिएतनाममध्ये मारला गेल्याचे त्याला कळते. येथपर्यंत लेखक खरोखर विचार करतो आहे : एक दार लावले की दुसरे उघडते, आणि त्या दोहोंतला संबंध आपल्याला दिसतो.

माझी तक्रार पुढची आहे. केनेडी वाचल्यावर जग का बिघडते? थोडेसे राजकारण सांगून होते आणि मग लेखक भूकंप घडवतो. एका माणसाचा जीव वाचला म्हणून जमीन फाटावी, हा कार्यकारणभाव कोणता? हा इतिहासाचा विचार नव्हे. ही लेखकाने केलेली शिक्षा आहे. पर्यायी जग इतके भयंकर रंगवल्यावर नायकाला निवड करायला उरतेच काय? आणि हे काम करायला साडेआठशे पाने लागत नाहीत. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या एका कथेत विश्वासरावांना लागलेली गोळी चुकवली आणि अख्खा हिंदुस्थान वेगळा करून दाखवला.

पांझरेचे पाणी, धुळे

मूळ वादात मी पडणार नव्हतो, पण पानिपताचे नाव निघाले म्हणून लिहितो. नारळीकरांची कथा मला प्रिय आहे. मात्र तिच्यामुळे एक समजूत घट्ट झाली आहे की विश्वासरावांची गोळी चुकली असती तर सगळे सावरले असते. ज्याने इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड उघडला आहे, तो असे म्हणणार नाही. त्यातल्या पत्रांत मराठा सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब हे पेशव्यांचे उत्तरेतले कारभारी गोविंदपंत बुंदेले यांच्याकडे पुन्हा पुन्हा पैसा आणि रसद मागतात. १४ जानेवारी १७६१ ला जी फौज बाहेर पडली, ती अडीच महिने कोंडलेली आणि उपाशी फौज होती. गोविंदपंत डिसेंबरातच मारले गेले होते आणि दाण्याची वाट बंद झाली होती. गोळी कोणाला लागली हा शेवटच्या प्रहराचा प्रश्न आहे.

कोणाला मागे पाठवायचेच असेल, तर त्याला ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस बागपतच्या उतारावर पाठवावे. अब्दाली तेथे यमुना उतरला आणि आपल्या फौजेला ते वेळेत कळले नाही. तेथे हजार स्वार उभे असते तर पुढचे पानिपतच झाले नसते. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाच्या कपाटांसमोर ज्याने चार दुपारी घालवल्या आहेत, त्याला ‘एका गोळीने इतिहास बदलला’ हे वाक्य सहन होत नाही.

सातपुडा, चोपडा

धुळेकर सर, आपल्या वाचनाचा मला आदर आहे, पण आपण रणांगण कागदावरून पाहता. उपाशी फौज त्या दिवशी दुपारपर्यंत जिंकत होती हे आपणही नाकारणार नाही. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची फळी फोडली होती. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी लोकांनी पाहिली आणि फळी मोडली. दाणा नसताना माणसे लढतात. धनी दिसेनासा झाला की लढत नाहीत. माझे पणजोबा फैजपूरच्या बाजाराची एक गोष्ट सांगत, अशी आमच्या घरात आठवण आहे. दोन गटांत मारामारी जुंपली, पुढच्या माणसाचा फेटा पडला आणि मागचे तीस जण, त्याला काहीही झालेले नसताना, पळाले. म्हणून गोळीला क्षुल्लक म्हणणे मला पटत नाही, आणि कपाटांचा दाखला देऊन इतरांना अडाणी ठरवण्याची आपली रीतही मला पटत नाही.

पांझरेचे पाणी, धुळे

मी कोणालाही अडाणी म्हटलेले नाही. बाजारातल्या मारामारीवरून पानिपताचा निकाल लावणे मात्र मी मान्य करणार नाही. समजा विश्वासराव वाचले आणि लढाई जिंकली. त्यानंतर ती उपाशी माणसे आणि मेलेली जनावरे घेऊन दिल्लीपर्यंत जायचे होते, तेही यात्रेकरू आणि बायकापोरांसकट. उलट हरल्यानंतर काय झाले ते पाहा. १७६३ मध्ये माधवरावांनी राक्षसभुवनावर निजामाला नमवले आणि १७७१ मध्ये महादजींनी दिल्ली परत घेतली. म्हणजे पानिपत हरूनही दहा वर्षांत आपण तेथेच होतो. खरी फट पडली ती १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला, माधवराव क्षयाने गेले तेव्हा. ग्रँट डफसारख्या ब्रिटिश इतिहासकारानेही त्यांच्या अकाली मृत्यूला पानिपताहून कमी घातक मानलेले नाही. क्षयावर औषध घेऊन कोणी थेऊरला गेला, अशी कादंबरी मला वाचायची आहे.

सातपुडा, चोपडा

थेऊरचा मुद्दा मान्य करतो, कारण तो मान्य न करणे खोटेपणाचे होईल. परंतु तो मान्य केला की आपलाच पहिला मुद्दा मोडतो, हे आपण पाहिलेले दिसत नाही. एका माणसाचा क्षय इतिहास बदलू शकतो, तर एका माणसाला लागलेली गोळी का बदलू शकत नाही?

नंदनगरी, नंदुरबार

तुमचे पानिपत संपत नाही म्हणून मध्ये बोलते. कादंबरीतला रस्ता ९ सप्टेंबरला उघडतो हे गिरणाकाठ भाऊंनी लिहिले आहे. आमच्या गावातल्या कोणालाही ही तारीख वाचून थांबावे लागेल. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात गेले. शिरीषकुमारला सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. वर्ष वेगळे आहे आणि लेखकाला आमचे गाव ठाऊक असण्याचे कारण नाही, तरीही त्या पानावर मी पुस्तक मिटून ठेवले आणि दोन दिवस उघडले नाही.

मी लहानपणापासून दर वर्षी त्या स्मारकाशी जात आले आहे. ‘नही नमशे, नही नमशे’ (झुकणार नाही) ही गुजराती घोषणा आम्हांला अर्थ कळण्याआधी पाठ होती. आठवीत असताना मी बाईंना विचारले होते की त्याच्या आईने त्या दिवशी दाराला कडी का लावली नाही. बाई रागावल्या. माझी आई मात्र रागावली नाही. ती अहिराणीत एवढेच म्हणाली, ‘जे व्हयनं ते व्हयनं’, आणि पुढे पोळ्या लाटत राहिली. आज माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. ते दार मला सापडले तर मी काय करीन हे मला ठाऊक आहे : मी कडी लावीन. मग आमच्या चौकाचे, आमच्या शाळकरी कवायतींचे आणि आमच्या अभिमानाचे काय व्हायचे ते होवो. म्हणून मला नायकाचा शेवटचा निर्णय पळपुटा वाटला नाही. तो माझ्याच्याने होणार नाही इतका कठीण वाटला.

बुडीत गावचा, नवापूर

ताईंचे वाचून लिहायचे धाडस करतो. माझ्या आजोबांचे गाव तापीवरच्या उकाई धरणाच्या पाण्यात गेले. धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. माझा जन्म त्यानंतरचा आहे. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की गावविहिरीचा काठ उघडा पडतो, आणि आजोबा जिवंत होते तोवर ते मला तेथे नेत. चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या असत. ते काठाचा एक दगड हाताने पुसत आणि त्यावर दोराने पडलेली खाच दाखवत. त्या खाचेत माझे बोट दुसऱ्या पेरापर्यंत जात असे.

मला त्या रस्त्याने जाता आले तर मी धरण थांबवावे काय? १९६८ च्या महापुरात सुरत बुडाली होती आणि तापीला आवरणे हेही या धरणाचे एक काम होते. माझा सख्खा मावसभाऊ आज त्याच कालव्यावर ऊस घेतो. माझा ‘हिशेबी वाचक’ यांना पाठिंबा आहे, पण त्यांच्याहून वेगळ्या कारणासाठी. लेखकाने बदललेले जग भूकंपांनी मोडून टाकले आणि नायकाची सुटका केली. ते जग थोडे बरे आणि थोडे वाईट निघाले असते, कोणाचा ऊस आणि कोणाची विहीर असे निघाले असते, तर नायक काय करता? तो प्रश्न कादंबरीने टाळला आहे, आणि माझ्या घरात तोच प्रश्न रोज जेवायला बसतो.

गिरणाकाठ, चाळीसगाव

नवापूरच्या भाऊंच्या या आक्षेपाला माझ्याजवळ पुरे उत्तर नाही. भूकंपांचा भाग कच्चा आहे, हे मी आता कबूल करतो. ‘हिशेबी वाचक’ यांनी तेच म्हटले तेव्हा मी कबूल केले नसते, हेही खरे आहे.

तरीही एक गोष्ट राहते. केनेडींना मरू देण्याचा निर्णय त्या मोडक्या जगाने नायकाकडून करवून घेतला असेल. सेडीचे तसे नाही. केनेडींना वाचवताना ती मारली जाते, आणि सगळे पुसल्यामुळे ती पुन्हा जिवंत होते. नायकाला पुन्हा १९५८ मध्ये उतरून, केनेडींच्या वाटेला न जाता, तिच्या गावात राहण्याची पुरी मुभा आहे. तो उतरतो, एका खोलीत काही आठवडे जिवाशी झगडतो आणि तिला न भेटता परत येतो. पुढे म्हातारी झालेली सेडी त्याला भेटते तेव्हा ती त्याला ओळखत नाही, आणि तरी दोघे नाचतात. मधली चारशे पाने काढून टाकली तर या नाचाला काय अर्थ उरतो, ते मला सांगावे.

हिशेबी वाचक, जळगाव

मुभा पुरी नाही. प्रत्येक फेरीने काळाचे धागे गुंततात, असे त्या रस्त्याचा पहारेकरी नायकाला आधीच सांगतो. म्हणजे तेथेही लेखकाने तराजूत बोट घातले आहेच. शेवटाबद्दलचे माझे मत कायम आहे, आणि नवापूरच्या भाऊंनी ते माझ्यापेक्षा नेमके मांडले.

मधल्या पानांबद्दल मात्र माझ्याकडून चूक झाली. मी ती उड्या मारत वाचली होती आणि हे आधी सांगितले नव्हते. ते सांगायला हवे होते. शाळेतल्या नाटकापासून ती पुन्हा वाचायला घेतो. नंदुरबारच्या ताईंना मात्र आजच एक सांगायचे आहे. मी पहिल्यांदा लिहिताना ‘पळपुटा’ हा शब्द वापरला, तेव्हा आपल्या घराच्या दाराला कडी लावावी की नाही हा विचार मी केला नव्हता. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे.

पांझरेचे पाणी, धुळे

चोपड्याच्या भाऊंनी क्षय आणि गोळी यांबद्दल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. क्षयाने गेलेल्या माणसाच्या हाती अकरा वर्षांचा कारभार होता. विश्वासरावांच्या हाती तो यायचा होता. फरक एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे की नाही याची मला आज सकाळी होती तेवढी खात्री आता वाटत नाही. बागपतच्या उताराबद्दल मात्र मी एक अक्षरही मागे घेणार नाही.