दुरुस्तीच्या कामात भाडेकरूच्या सामानाचे नुकसान झाले. भरपाई कशी ठरवावी?

प्रश्न

मी भाड्याने दिलेल्या घरातील न्हाणीघराची भिंत ओल धरत असल्यामुळे गेल्या आठवड्यात जुना गिलावा फोडून वॉटरप्रूफिंग करून घेतले. फोडकाम चालू असताना भिंतीतील जुना पाइप फुटला आणि पलीकडच्या खोलीत पाणी शिरले. त्या खोलीत भाडेकरूंचे प्लायवूडचे कपाट, पुस्तके आणि संगणक होता. कपाटाचा तळ फुगला आहे, खालच्या कप्प्यातील पुस्तके भिजली आहेत आणि संगणक धुळीमुळे बंद पडला, असे त्यांचे म्हणणे आहे. सामान हलवण्यास आदल्या दिवशीच सांगितले होते, असे ठेकेदार म्हणतो. तर ते केवळ फोनवर, संध्याकाळी उशिरा सांगितले आणि एवढे जड कपाट एकटीने हलवणे शक्य नव्हते, असे त्या म्हणतात. तिन्ही वस्तूंची नव्याची किंमत त्यांनी मागितली असून, ती न मिळाल्यास पुढच्या भाड्यातून वळती करून घेऊ, असे कळवले आहे. त्या शिक्षिका आहेत आणि ५ वर्षांत त्यांचे भाडे एकदाही थकलेले नाही. त्यांच्यावर अन्याय होऊ नये आणि माझ्यावर अवाजवी भार पडू नये, यासाठी कोठून सुरुवात करावी?

उत्तर १

मी अनेक वर्षे भाड्याच्या घरांची व्यवस्था पाहतो. आपण तिन्ही वस्तूंची मिळून एक रक्कम ठरवू नये, कारण हे तीन वेगळे दावे आहेत. कपाट आणि पुस्तके पाण्याने खराब झाली याबद्दल वाद नाही. संगणकाचे कारण मात्र अजून सिद्ध व्हायचे आहे. प्रथम दोघांनी एकत्र बसून पाहणी करावी, प्रत्येक वस्तूची अवस्था लिहून काढावी आणि त्या कागदावर दोघांनीही सही करावी. छायाचित्रे ज्या फोनवर काढली त्यातच मूळ स्वरूपात जपून ठेवावीत, कारण मेसेजिंग ॲपवरून पाठवताना चित्रात नोंदलेली तारीख आणि वेळ बहुधा निघून जाते.

कपाट भिंतीपासून ओढून त्याची मागची बाजू अवश्य पाहावी. ताज्या पाण्याने फुगलेल्या प्लायवूडचे थर कडेला सुटतात आणि लॅमिनेट उचलले जाते, पण लाकडाचा रंग बराचसा तसाच राहतो; जुन्या ओलीने काळपट डाग आणि बुरशी धरते. मात्र जुना डाग दिसला म्हणून आपण सुटलो असे समजू नये. ती ओलही आपल्याच भिंतीची आहे आणि भाडेकरूंनी ती आपल्याला पूर्वी कळवली असेल, तर तो मुद्दा आपल्याच विरोधात जातो.

किमतीच्या बाबतीत घसारा धरणे सर्वसाधारणपणे मान्य असते. कपाटाचे आयुष्य १० वर्षे मानले आणि ६ वर्षे वापर झाला असेल, तर तशाच कपाटाच्या आजच्या किमतीच्या ४० टक्के ही चर्चेची सुरुवात होऊ शकते. भाडे आणि भरपाई ही खाती वेगळी ठेवावीत. परस्पर भाडे कापल्यास अनेक ठिकाणी भाडेकरू थकबाकीदार ठरतो, हे त्यांना सौजन्याने सांगावे आणि आपणही अनामत रकमेला हात लावू नये. नेमका नियम आपल्या करारात आणि स्थानिक भाडे कायद्यात पाहून घ्यावा.

उत्तर २

मी भाडेकरू म्हणून या प्रसंगातून गेले आहे. घसाऱ्याचा हिशेब कागदावर बरोबर दिसतो, परंतु ज्याचे चांगले चाललेले कपाट गेले त्याला बाजारात ४० टक्के कपाट मिळत नाही. तळाची फळी बदलून कपाट पूर्ववत होत असेल, तर सुताराचा पूर्ण खर्च आपणच उचलावा. त्यात घसारा कापू नये.

पुस्तकांची मात्र घाई करावी. ओल्या कागदावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते, त्यामुळे काही प्रती हातच्या गेल्याही असतील. जी अजून दमट असतील ती उभी ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावीत आणि वाळवणे लगेच जमणार नसेल, तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावीत, म्हणजे बुरशी वाढत नाही. माझ्या वेळी घरमालक ८ दिवसांनी पाहायला आले. तोवर अल्बममधील फोटो वाळून एकमेकांना घट्ट चिकटले होते. ओले असतानाच ते अलगद सुटले असते, हे मला नंतर समजले. पुढे पैसे मिळाले, तरी ते ८ दिवस मला अजून बोचतात. आपण आजच त्यांच्याकडे जावे.

उत्तर ३

मी दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करतो. पाण्याची लाइन असलेल्या भिंतीवर छिन्नी लावण्याआधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा असतो. सामान हलवण्याचा निरोप दिला होता की नाही, याने ही चूक झाकली जात नाही. भाडेकरूंशी आपण स्वतः बोलावे आणि ठेकेदाराशी वेगळा हिशेब करावा. त्याचे बिल अडवायचे असल्यास वादातील रकमेपुरतेच आणि लेखी कळवून अडवावे.

संगणक कारागिराकडून उघडून पाहावा. घरातली रोजची धूळ मऊ आणि धाग्यांची असते, तर फोडकामाची धूळ राखाडी-पांढरी, बारीक असून पंख्याच्या पात्यांवर थर धरते. त्याचा लेखी अभिप्राय घ्यावा. शिवाय आपला किंवा ठेकेदाराचा विमा असेल, तर जबाबदारी लेखी मान्य करण्यापूर्वी विमा कंपनीला कळवावे, कारण पुष्कळ पॉलिसींमध्ये तशी अट असते. इमारतीच्या विम्यात भाडेकरूचे सामान सहसा धरलेले नसते.

प्रश्नकर्ता

आज जाऊन आलो. आम्ही दोघांनी मिळून कपाट ओढले. मागे हातभर उंचीपर्यंत काळा डाग होता. त्यांनी ८ महिन्यांपूर्वी पाठवलेला ओलीचा संदेश मला दाखवला, त्याखाली ‘पुढे पाहू’ हे माझेच उत्तर होते. तो वाद मी तिथेच सोडला आणि तळाबरोबर मागची फळीही माझ्या खर्चाने बदलण्याचे ठरवले. भाडे वेळेवर देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. व्हॉल्व्ह चालू राहिल्याचे ठेकेदाराने कबूल केले. संगणक दोघांच्या पसंतीच्या कारागिराकडे दिला आहे. भिजलेल्या पुस्तकांची यादी त्या करत आहेत; ज्यांच्या समासात त्यांची टिपणे होती अशी पुस्तके त्यांनी वेगळी काढली आहेत, आणि त्यांचे काय मोल धरावे हे मी त्यांनाच विचारणार आहे.